जावयाच्या डोक्यावर होडी

सन २००६. मला एकाहत्तरावं वर्ष चालू होतं, आणि तोवर होडीत कसं बसायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायची कुणाची छातीही नव्हती. खाडीवरची आमची तर, म्हणजे माणसं पार नेणारी मोठी होडी, मी चाळीसेक वर्षं चालवली. अलीकडची माणसं पलीकडे, पलीकडची अलीकडे. नवऱ्या नेल्या, म्हशी नेल्या, एकदा बदली झालेला मास्तर कपाटासकट नेला. शाळा माझी तिसरीपर्यंत. म्हणून हे लिहिताना काही चुकलं तर वाचनालयाच्या सरांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारावं, मजकुराला हात लावू नये, असं मी त्यांना आधीच बजावून ठेवलं आहे. अमेरिकेला जाऊन आलेले गावात दोघं-तिघं आहेत. ते उंच इमारतींचे फोटो दाखवतात. मी जिथे गेलो तिथे इमारत नव्हती, आणि जे झालं त्याचा फोटो कुणी काढला नाही हे बरंच झालं.

ट्रॉय

माझी मुलगी नंदा आणि जावई प्रशांतराव अमेरिकेत ट्रॉय नावाच्या गावी राहतात. गाव म्हणायचं, पण रस्त्यावर चालणारा माणूस दिसेल तर शपथ. मोटारी तेवढ्या धावतात. जावई मोटारींच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. मूळचा नागपूरचा, म्हणून मला मामाजी म्हणतो. मुलगा सोन्यासारखा. पण त्याला एक खोड आहे, आणि ती मलाही आहे, म्हणून सगळं बिनसतं.

आमच्या खाडीकाठी जावई म्हणजे मानाचा. त्याच्या हातात ओझं आणि सासऱ्याचे हात मोकळे, असं कुणी बघितलं तर गाव सासऱ्याला हसतं. नागपुराकडे म्हणे उलटं. वडीलधारा माणूस ओझं उचलतो आणि जवान पोरगा बघत उभा राहतो, हे तिकडे पाप. आता बोला. बाजारातून आलं की मोटारीच्या मागच्या बाजूला आम्हा दोघांची झटापट ठरलेली. तो म्हणणार, "राहू द्या ना मामाजी." मी म्हणणार, "छे छे, जावईबापू, तुम्ही व्हा पुढे." एकदा कागदी पिशवी दोघांच्या ओढाओढीत फाटली आणि अंडी घरापर्यंत पोचलीच नाहीत. दारातून आत जाताना तेच. तो दार धरून उभा, मी दार धरून उभा, थंडी घरात शिरते आणि आतून नंदा ओरडते, "कुणीतरी आत या ना, हीटिंग चालू आहे."

मार्च महिना असाच गेला. एप्रिलही गेला. मी खिडकीतून वितळणारा बर्फ बघून कंटाळलो. माझा चेहरा बघून जावयाने रजा टाकली आणि बेत केला. उत्तरेकडे कॅनडाच्या हद्दीजवळ मोठं रान आहे, रानात तळीच तळी, तिथे होड्या भाड्याने मिळतात. "मामाजींना पाण्यावर नेऊ," तो म्हणाला. मला बरं वाटलं. पण मी बोलून दाखवलं नाही. जावयाने आपल्यासाठी खर्च करायचा म्हणजे आधीच अवघड.

वाटेत

वाटेचं लिहिण्यासारखं काही नाही. दोन दिवस मोटार. नंदा चालवते, जावई चालवतो, मी मागे बसून पाय आखडून घेतो. रात्री मुक्कामाच्या हॉटेलात पलंग कुणी घ्यायचा आणि सोफ्यावर कुणी झोपायचं यावरून अर्धा तास गेला. शेवटी नंदा रागावून स्वतः सोफ्यावर झोपली, आणि मी व जावई एका पलंगाच्या दोन कडांना रात्रभर अंग चोरून पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर झाडं सुरू झाली ती संपेचनात. देवदारासारखी उंच, काळपट, आणि मधून मधून पांढऱ्या सालीची, नुकती फुटलेली. पालवी इतकी बारीक की दुरून हिरवा धूर वाटावा. सावलीत अजून बर्फाचे ढिगारे पडलेले. आणि वैशाख सरत आलेला. घरी त्या दिवसांत जमिनीला पाय लावता येत नाही.

वखार

होड्या भाड्याने देतात त्या जागेला तिकडे काय म्हणतात ते नंदाने दोनदा सांगितलं, माझ्या लक्षात राहिलं नाही. मी वखार म्हणतो. तळ्याच्या काठी लाकडी घर, बाजूला झोपायच्या खोल्या, आणि मागे मांडवच्या मांडव होड्यांनी भरलेले. एकावर एक, पालथ्या. हिवाळाभर बंद असते, बर्फ उठला की उघडते. आम्ही गेलो तेव्हा नुकती उघडत होती. रबरी कपडे घातलेले दोन गडी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून धक्का जोडत होते. अंगणात तंबू वाळत घातले होते, दोऱ्या तपासत होते, पातेली घासत होते. लाखेचा आणि ओल्या लाकडाचा वास. तो वास मला ओळखीचा. बाकी एक गोष्ट ओळखीची नव्हती.

आमच्याकडे वैशाख उतरताना होड्या पाण्यातून वर ओढतात, तेल चोपडतात, झापांनी शाकारतात आणि मग नारळी पुनवेपर्यंत पाण्याचं नाव काढत नाहीत. इथे त्याच दिवसांत होड्या पाण्यात सोडत होते. मी नंदाला म्हटलं, ह्या लोकांचं सगळंच उलटं. नंदा म्हणाली, "आप्पा, इथे पावसाळा नसतो तसा." म्हणून काय झालं.

वखारीची मालकीण जोअन नावाची बाई. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. केस पांढरे, हात सुतारासारखे. ती माझ्यासमोर एक अखंड होडी मांडीवर घेऊन, एका झटक्यात डोक्यावर पालथी घालून, खांद्यावर तोलून चालायला लागली. मी बघतच राहिलो. आमची तर ओढायला आठ माणसं लागायची. जावयाने सांगितलं, ही होडी कसल्याशा धाग्याची असते, वजन जेमतेम वीस किलो. मी बोटाने ठोकून बघितली. वेताच्या टोपलीसारखी लवते. हिला होडी म्हणायचं असेल तर सुपालाही म्हणा.

शनिवारचा सगळा दिवस ह्या बाईने मला शिकवण्यात घालवला. मला.

आधी ते लाल जॅकीट. पाण्यात पडलं तर तरंगायला. मी नंदाला म्हटलं, तिला सांग तुझा बाप पोहत जन्मला. नंदाने काय सांगितलं कोण जाणे, बाईने जॅकीट माझ्या अंगात घातलं आणि तीन ठिकाणी पट्टे आवळले, लहान पोराला शाळेत पाठवताना दप्तराचे आवळतात तसे. मग मी होडीत शिरताना सवयीप्रमाणे बूट काढले. होडीत चप्पल घालून कुणी पाय ठेवला तर मी त्याला पलीकडे नेत नसे, मग तो सरपंच असो. बाईने बूट उचलून परत हातात दिले. मी खाली ठेवले. तिने परत दिले. नंदा मध्ये पडली.

"आप्पा, घाला ना प्लीज. ती म्हणते पाण्यात उतरूनच चढायचं असतं, होडी दगडाला लावायची नाही. आणि पाणी बर्फाचं आहे. पाय बधिर होतात."

मी बूट घातले. होडीला मनात नमस्कार केला आणि चिखलाच्या बुटाने आत पाय दिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेवढ्यावर भागलं नाही. बाईने मला मधोमध, तळाशी बसायची खूण केली. पुढे एक वल्हवणार, मागे एक सुकाणू धरणार, आणि मध्ये सामान नाहीतर म्हातारी माणसं. कांद्याच्या पोत्यासारखा मी. मी उतरलो आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. बोललो काहीच नाही. जावयाला माझं न बोलणं कळतं, हा एक गुण आहे त्याच्यात. त्याने बाईला बाजूला नेऊन बराच वेळ इंग्रजीत समजावलं. मध्ये मध्ये माझ्याकडे हात करत होता. बाईने मला वरून खाली बघितलं, एक आखूड वल्हं हातात दिलं आणि मागच्या जागेकडे बोट केलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा होडी गोल फिरली. दुसऱ्यांदाही. वल्हं ठेवायला खुंटी नाही, उभं राहायची सोय नाही, आणि होडी इतकी हलकी की नुसतं खाकरलं तरी वळते. धक्क्यावरचे रबरी गडी काम थांबवून बघायला लागले. मी दात आवळले. तिसऱ्या फेरीला वल्ह्याचं पातं पाण्यातच थोडं मुरडून धरलं, तशी सरळ चालली. सरळ गेलो, वळवली, धक्क्याला लावली. कुठे न आपटता. बाईने मान हलवली आणि हात पुढे केला.

"ती म्हणते, उद्या बोट तुमच्या जबाबदारीवर," जावई म्हणाला. "तिने विचारलं कॅप्टन कोण, मी तुमचं नाव सांगितलं मामाजी. चाळीस वर्षांत ह्यांच्या हातून कधी होडी गेली नाही, असं सांगितलं."

ते खोटं नव्हतं. मी बाईचा हात हातात घेतला. शब्द दिला गेला.

संध्याकाळी वखारीत जेवण. तळ्यातला मासा तळलेला. हळद नाही, तिखट नाही, आंबट नाही, आणि काटाही नाही. काटा काढलेला मासा म्हणजे कोकणी माणसाची थट्टा. तरी मोठा तुकडा मी जावयाच्या ताटात सरकवला, त्याने माझ्या ताटात सरकवला, असा तो तीनदा इकडून तिकडे गेला आणि गार झाला. जोअन जेवायची थांबून बघत होती. तिने नंदाला काही विचारलं. नंदा म्हणाली, "नथिंग, दे आर बीइंग पोलाइट." मग मला म्हणाली, "आप्पा, तुम्ही दोघे एक दिवस असेच मराल."

पाण्यावर

रविवारी सकाळी निघालो. पुढे जावई, मध्ये नंदा, मागे मी. सामान म्हणजे दोन पाठीवरच्या पिशव्या. एकीत नंदाने केलेल्या दशम्या, लसणीची चटणी आणि पाणी. दुसरीत जोअनने जबरदस्तीने भरायला लावलेले आमचे कोरडे कपडे आणि काड्यापेटी. एका दिवसाला कपडे कशाला, म्हणून मी कुरकुरलो होतो.

तळं लांबच लांब. आमच्या खाडीच्या दुप्पट रुंद. पाणी चहासारखं तांबूस, पण स्वच्छ. समोरून, उत्तरेकडून, थोडा वारा. पाण्यात काळा-पांढरा एक पक्षी होता, बदकाएवढा. तो हसतो. खरंच माणसासारखा हसतो. मला तो माझ्याच वल्हवण्याला हसतो आहे असं वाटलं. पण होडी छान चालली होती. तळाखालून पाणी बोलत होतं. भरती नाही, ओहोटी नाही, कुणाची घाई नाही. कित्येक महिन्यांनी माझ्या खांद्यांना त्यांचं काम मिळालं होतं. जावई पुढून मागे न बघता म्हणाला, "बरं वाटते ना मामाजी?" मी हं म्हटलं. एवढं पुष्कळ झालं.

पलीकडच्या काठाला मोठी टेकडी होती. तिच्या आडोशाला वारा लागत नव्हता, पाणी पाटीसारखं पडलं होतं. तिथून पायवाट निघते आणि टेकडीपलीकडच्या दुसऱ्या तळ्याला जाते. तिकडची रीतच अशी. एक तळं संपलं की होडी पाण्यातून काढायची, डोक्यावर घेऊन रानातून चालायचं, आणि पुढच्या तळ्यात सोडायची. खरं रान तिथून पुढे. नंदाला ते दुसरं तळं बघायचं होतं. ती दशम्यांची पिशवी घेऊन पुढे चालायलाही लागली. चिलटं चावत होती, तिला थांबवेना.

आम्ही दोघे गुडघाभर पाण्यात. दुसरी पिशवी जावयाने काठावर ठेवली. होडी रिकामी, आमच्या मध्ये.

जावई म्हणाला, "मामाजी, व्हा बाजूला. मी घेतो डोक्यावर."

मी म्हटलं, "तुम्ही पिशवी घ्या. होडी माझी."

"काय करता बाप्पा. ह्या वयात?"

वय काढलं तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जावयाच्या डोक्यावर ओझं देऊन मी हात हलवत मागून चालू? गावात कळलं तर?"

"इथे कुठे आलं गाव, मामाजी. आणि मी मोकळा चाललो तर माझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

आईचं नाव निघाल्यावर मी त्याचा हात धरला. त्याने माझा धरला. तो मला काठाकडे वळवतो, मी त्याला पायवाटेकडे वळवतो. "तुम्ही व्हा." "नाही, आधी तुम्ही." असं बोलत बोलत आम्ही दोघे काठावर आलो, आणि तिथेही बराच वेळ चाललं. त्याने तर वाकून माझ्या पायाला हात लावला, म्हणाला एवढं ऐका. मी त्याला उठवून पोटाशी धरलं, म्हटलं तुम्ही माझ्या मुलासारखे, म्हणूनच ऐकणार नाही.

मग मी पाठ वळवून पाण्याकडे बघितलं.

होडी काठापासून पंधरावीस हातांवर होती. घाई नव्हती तिला. नवरी सासरी जाते तशी हळू, मान वळवत चालली होती.

आता वाचणारा म्हणेल, चाळीस वर्षं तर चालवलेल्या माणसाने होडी बांधली कशी नाही. मीही तेच म्हटलं असतं. त्याचं उत्तर असं की आमच्याकडे होडी नेते ती ओहोटी. ओहोटी लागली की पोराच्या बारशाला असाल तरी पळत येऊन दोर बघायचा. इथे ओहोटीच नाही, म्हणून माझ्या हातांना दोराची आठवणच झाली नाही. आणि आमची तर चिखलाला टेकली की हलायला आठ माणसं लागत. ही वीस किलोची टोपली आडोशातून नुसत्या वाऱ्याच्या झुळकेवर निघाली. टेकडीची सावली संपली तिथे वाऱ्याने तिला धरलं, आणि मग ती खरीच चालायला लागली.

मी पाण्यात शिरलो. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. शब्द माझा होता, होडी माझ्या नावावर दिली होती. दुसरं काही डोक्यात नव्हतं. मागून जावई म्हणत होता, "मामाजी, थांबा, मी जातो," आणि मी म्हणत होतो, जावयाला मरायला पाठवू का. पाणी थंड होतं असं लिहून काही कळणार नाही. कुणीतरी कमरेला करवत लावावी तसं. पाय आहेत की नाहीत ते कळेना. छातीत श्वास गेला तो बाहेर येईना. तरी मी पुढे पाऊल टाकलं, कारण होडी अजून दिसत होती.

तेवढ्यात मानेमागे हिसका बसला. जावयाने जॅकिटाचा पट्टा धरला होता.

"बाहेर या." मामाजी नाही, राहू द्या ना नाही. "बास झालं. बाहेर या म्हणतो ना. होडी गेली तर गेली."

मी हात झटकला. त्याने माझ्या काखेत हात घातले आणि मला उचलून मागे ओढलं, पोतं ओढतात तसं. मी शिव्या दिल्या. काठावर आणून आपटलं त्याने मला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो रडत होता की दम लागला होता ते मला ठरवता आलं नाही. माझे दात इतके वाजत होते की शिव्याही नीट निघेनात. त्याने माझे बूट उपसले, ओली पँट काढली, जोअनच्या पिशवीतली कोरडी विजार चढवली. ती त्याची होती, मांडीवर इंग्रजी अक्षरं लिहिलेली. मी निमूट पाय पुढे केले. मानपान करायला जीभ हलत नव्हती.

नंदा ओरडणं ऐकून पळत आली. आधी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"होडी कुठंय?"

जावई म्हणाला, "चूक माझी आहे."

मी म्हटलं, "छे, त्यांची कशी? माझी."

"नाही नंदा, मामाजींचा काही—"

"तुम्ही दोघे गप्प बसा," नंदा म्हणाली. मग तीही बसली. जावयाने काटक्या पेटवल्या. होडी तळ्याच्या मधोमध ठिपक्याएवढी झाली होती आणि दक्षिणेकडे, आम्ही आलो त्या वखारीकडे, चालली होती. दशम्या कुणी सोडल्या नाहीत. मी विस्तवाकडे पाठ करून बसलो आणि त्या बाईला काय सांगायचं ते मनात जुळवत राहिलो. दोर बांधायला खुंटच नव्हता, असं सांगावं. वारा फसवा होता, असं सांगावं. एकही वाक्य मला स्वतःला पटेना.

बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज आला. पत्र्याची मोटारबोट, जोअन एकटी, उभी राहून चालवत होती. उभं राहून बोट चालवायची नाही हे तिनेच मला शनिवारी तीनदा सांगितलं होतं. काठाला बोट तिने दगडावर खाडकन चढवली. उतरली, गुडघाभर पाण्यातून आली, आणि आमच्यासमोर थांबून एकेकाकडे बोट केलं.

"वन," नंदाकडे. "टू," जावयाकडे. मग माझ्याकडे. "थ्री."

आणि खडकावर बसली. हात तिने मांड्यांखाली दाबले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. तिच्या धक्क्याला सकाळी दिलेली होडी परत आली होती, रिकामी, आत तीन वल्ही. खाडीवर रिकामी होडी वाहत आली की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आधी बायका बाहेर येतात. कुणी बोलत नाही. मी अशा दोन होड्या धरून काठाला लावल्या आहेत. आणि मी इथे बसून होडीचा हिशेब जुळवत होतो.

तिने नंदाला काही सांगितलं. नंदाने ते मला सांगितलं. "ती म्हणते, येताना तिने पाण्यात बघितलंच नाही. सरळ ह्या काठाकडे बघत आली."

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते आणि बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने माझे कान चाचपले, बोटं चाचपली, नखांचा रंग बघितला, आणि मोटारबोटीत मला मधोमध बसवलं. तळाशी. मी बसलो.

वखारीत, संध्याकाळ

दुपारभर मी खोलीत पडून राहिलो, तीन पांघरुणं घेऊन. चहात लोणी घालून देतात की काय असा काहीतरी कढत पदार्थ दोनदा प्यायलो. अंगात ऊब आली तसा राग आला. जावयावर, की मला पोत्यासारखा ओढला. स्वतःवर. त्या पक्ष्यावर, तो बाहेर हसतच होता.

जेवायला गेलो तर जावई माझ्याकडे बघेना. माशाचा मोठा तुकडा माझ्यासमोर होता. मी सवयीने त्याच्याकडे सरकवला. त्याने तो घेतला आणि खाल्ला. सरळ खाल्ला. मला आधी धक्का बसला, मग मी माझा तुकडा खाल्ला. गरम होता.

मग तो म्हणाला, "मामाजी, माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. तुम्हाला माहीत आहे. आज पाण्यात तुम्ही माझा हात झटकला ना, तर मला..." नंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी ताटात बघत बसलो. म्हटलं, "ताकद आहे हो तुमच्या हातात." एवढंच सुचलं.

जोअन आली ती नंदाशी बोलायला. मी उठून उभा राहिलो. नंदाला म्हटलं, तिला सांग, शब्द मी दिला होता आणि मी मोडला, होडीला काही झालं असेल तर ते माझ्यावर. जोअनने ऐकून घेतलं. होडीला एक ओरखडा नाही, म्हणाली. मग म्हणाली, होडी दोन दिवसांसाठी घेतलेली आहे, उद्याचा दिवस बाकी आहे, उद्या वारा नाही. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, मागची जागा ह्यांची.

मी नंदाला विचारलं, ती थट्टा करते आहे का? नंदाने विचारलं. जोअन म्हणाली, नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सोमवारी सकाळी पाण्यावर धुकं होतं. मी बूट घातले, जॅकिटाचे पट्टे माझे मीच आवळले, मागे बसलो आणि तळं पार केलं. टेकडीखाली उतरलो. नंदा कालच्यासारखी पुढे गेली नाही, हाताची घडी घालून काठावर उभी राहिली. मी होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. जावयाने दोन्ही पिशव्या नंदाच्या पायाशी ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चिलटं कानात गुणगुणत होती.

मी होडीची त्याची बाजू वर केली. तो खाली शिरला, खांदे लावले, आणि उठला. मी हात काढले.

नंदाने पिशव्या दोन्ही खांद्यांना अडकवल्या. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आप्पा, चला." पायवाट अरुंद, ओली, मुळांनी भरलेली. पुढे नंदा, तिच्यामागे माझा जावई डोक्यावर होडी घेऊन, होडीखालून नुसते त्याचे पाय दिसत होते. मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. थोडा वेळ ते नुसते लोंबत राहिले. शेवटी मी ते पाठीमागे बांधले आणि रिकामा त्याच्या मागून चालायला लागलो.